केलेल्या कामाचे १८,००० रुपये संशोधकाला परत दिल्याबद्दल आणि माझ्या खात्यावर वाङ्मयचौर्याचा शिक्का मारल्याबद्दल तक्रार

दि. १४ नोव्हेंबर २०२५
विश्रामबाग, सांगली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(आपले नाव संकेतस्थळावर कुठेही सापडले नाही, म्हणून फक्त हुद्दा लिहिला आहे.)

महोदय / महोदया,

मी गेली चार वर्षे आपल्या संकेतस्थळावरून शैक्षणिक लेखनाची कामे घेते. म्हणजे मराठी प्रबंधांचे शुद्धलेखन, संपादन, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवायच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) आणणे, तळटीपा आणि संदर्भसूची लावणे. काम देणाऱ्याला आपण ‘ग्राहक’ म्हणता. पण वर्षाला ३,५९९ रुपये सदस्यत्व भरणारी आणि प्रत्येक कामामागे १५ टक्के कमिशन देणारी मीही आपली ग्राहकच आहे. गोंधळ नको, म्हणून या पत्रात त्यांना ‘संशोधक’ म्हणते.

ज्यांच्यावरून ही तक्रार आहे, त्या संशोधकांनी १८ ऑगस्टला २४० पानांचा प्रबंध माझ्याकडे दिला. विषय सांगलीची हळदपेठ. ठरलेला दर पानाला ७५ रुपये, एकूण १८,००० रुपये. ही रक्कम त्यांनी आपल्याकडे आगाऊ जमा केली आणि ‘आपले मानधन सुरक्षित आहे’ असा हिरवा संदेश मला आला. काम एवढेच होते, की ‘कृतिदेव’ या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, शुद्धलेखन तपासायचे आणि संदर्भ एकसारखे करायचे. एक वाक्यही मी स्वतः लिहायचे नव्हते. कामाच्या वर्णनात तसे स्पष्ट लिहिलेले आहे.

पुढे संशोधकांनी हरकत घेतली आणि ९ ऑक्टोबरला आपण मला वाङ्मयचौर्याबद्दल दोषी ठरवून पैसे त्यांना परत दिले. कृतिदेव म्हणजे काय हे आपल्या कार्यालयात कोणाला माहीत नसावे, असे तो निर्णय वाचून वाटले. म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण सगळे भांडण इथेच आहे.

जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसते ते मराठी असते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे साठलेली असतात. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये टंकला, तर आत ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरे असतात. वर कृतिदेवचा मुखवटा आहे, म्हणून आपल्याला ‘मराठी’ दिसते. मुखवटा काढला की नुसती खिचडी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा वेगळी. रूपांतर करणारी साधने हे बऱ्यापैकी हलवतात, पण जिथे चुकतात तिथे हटकून चुकतात. ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते, ‘व्यापाऱ्यांचे’चे ‘व्यापार्यांचे’. हळदीच्या प्रबंधात शेतकरी आणि व्यापारी पानोपानी असतात, हे वेगळे सांगायला नको. गणपतीचे दिवस माझे हेच करण्यात गेले. गौरी जेवायला बसल्या तेव्हा मी दुसऱ्या प्रकरणातल्या ‘व्यापाऱ्यां’चे रफार उतरवत होते.

आता मुद्दा. वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर पडद्यावर काय दिसते ते पाहत नाही, आत काय साठले आहे ते वाचते. कृतिदेवमधला प्रबंध त्याच्यापुढे ठेवला, तर त्याला ती खिचडी दिसते. तशी खिचडी जगात दुसरीकडे कुठे छापलेली नसते, त्यामुळे साम्य, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग, जवळपास शून्य येते. या संशोधकांचा जुना अहवाल ३ टक्क्यांचा होता, तो यामुळेच. मी फाइल युनिकोडमध्ये आणल्यावर सॉफ्टवेअरला पहिल्यांदाच मराठी वाचता आले आणि आकडा ३४ वर गेला. चोरी झाली असेल तर ती माझ्याकडे फाइल येण्याच्या आधी झालेली आहे. माझ्या कामामुळे ती फक्त उघडी पडली.

आपल्या वाद विभागाने मात्र दोन आकडे शेजारी ठेवले. आधी ३, नंतर ३४, मध्ये मी. निकाल तयार.

संशोधकांनी १८ ऑगस्टला चढवलेली मूळ फाइल आजही आपल्याच सर्व्हरवर आहे. ती उघडून, तिसऱ्या प्रकरणातले कोणतेही दोन परिच्छेद रूपांतरित करून माझ्या फाइलशेजारी ठेवले असते, तर पाच मिनिटांत कळले असते की शब्द तेच आहेत, फरक आहे तो फक्त ‘ऱ्या’चा. हे मी ७ ऑक्टोबरला वादाच्या उत्तरात लिहिले होते. स्क्रीनशॉटही जोडले होते. ते कोणी उघडल्याची खूण निर्णयात नाही.

शिवाय मी संशोधकांना आधीच सावध केले होते. तिसऱ्या प्रकरणात हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर, सहा पाने आहेत. संशोधकांची स्वतःची भाषा ‘सदर’ आणि ‘सदरहू’ची. पेवांपाशी आली की ती एकदम वाहायला लागते. ‘सदर’ गायब. आणि त्या पानांत पेवे सुस्थितीत, भरलेली, नांदती. तर पाचव्या प्रकरणात संशोधक स्वतःच लिहितात, की २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. म्हणजे तिसऱ्या प्रकरणातला मजकूर महापुराच्या आधी कोणीतरी लिहिलेला आणि तसाच उचललेला. ३ सप्टेंबरच्या संदेशात मी लिहिले, ‘सर, हा भाग दुसरीकडचा वाटतो. अवतरणात घ्या आणि संदर्भ द्या.’ उत्तर आले, ‘मॅडम, तुम्हीच जरा शब्द फिरवून घ्या ना. वेगळे पैसे देतो.’

मी नाही म्हटले.

हा संवाद आपल्या संदेशपेटीत आहे. निर्णयात तो पुरावा म्हणून वापरलाही आहे, पण माझ्याविरुद्ध. ‘लेखिकेने ग्राहकाच्या रास्त सूचनेचे पालन केले नाही.’ दुसऱ्याचा मजकूर शब्द फिरवून आपला म्हणून देणे ही आपल्याकडे रास्त सूचना ठरत असेल, तर तसे नियमावलीत छापा. नवे लेखक तरी डोळे उघडे ठेवून सदस्य होतील. तशी आपल्या संकेतस्थळावर ‘प्लॅग काढून मिळेल’ (म्हणजे अहवालातले साम्य कमी करून मिळेल) या नावाची अख्खी वर्गवारी आहेच, त्यामुळे मला फार आश्चर्य वाटायला नको होते.

मी धुतल्या तांदळासारखी नाही, हेही सांगून टाकते. सुरुवातीच्या वर्षी एका मुलाचा एमबीएचा प्रकल्प मी अथपासून इतिपर्यंत लिहून दिला होता. त्या पैशांचा इन्व्हर्टर आजही घरात आहे. नंतर तोच मुलगा कॉलेज कॉर्नरला झेरॉक्सच्या दुकानात भेटला, हातात काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरांत त्याचे नाव. मला म्हणाला, ‘मॅडम, आत काय लिहिलंय ते तोंडीच्या आधी जरा समजावून सांगा की.’ तेव्हापासून लिहून देणे बंद. लिहिलेले नीट करून देते. शिवाजी विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे येणाऱ्यांना हे पहिल्याच फोनवर सांगते. निम्मे तिथेच फोन ठेवतात.

अहवालाबद्दल अजून एक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्य मोजताना संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे वगळायचे असते. सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण साम्यही धरायचे नसते. आपण पुरावा मानलेल्या अहवालात संदर्भसूची सगळी रंगवलेली आहे. ‘ज्यांच्या मार्गदर्शनाशिवाय हे काम पूर्ण झाले नसते’ हे ऋणनिर्देशातले वाक्यही चोरीच्या मालात जमा. त्याच विनियमांनुसार लेखन आपले स्वतःचे आणि मूळ असल्याचे हमीपत्र विद्यार्थ्याने द्यायचे असते. फॉन्ट बदलून देणाऱ्या बाईकडे ती हमी कुठल्या कलमाने येते, ते कळवावे. आणि १० ते ४० टक्क्यांमध्ये साम्य निघाले, तरी सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारून प्रबंध पुन्हा देता येतो. त्यामुळे संशोधकांचे सर्वस्व बुडाले, असेही नाही. बुडाले ते माझे पैसे.

आणखी गंमत म्हणजे तो अहवाल माझ्याच फाइलवर काढलेला आहे. पहिल्या पानावर फाइलचे नाव आहे ‘प्रबंध_अंतिम_युनिकोड’. हे नाव मी दिलेले. म्हणजे काम मिळाले, उघडले, वापरले आणि तपासणीला लावले. पहिल्या चार प्रकरणांवर तर संशोधकांनी ‘मान्य’ हे बटणही दाबले होते. पैसे परत देताना आपण ती फाइल त्यांच्याकडून परत घेऊ शकत नाही, हे मला समजते. मग तीच फाइल त्यांच्या हिशोबात पोचलेली आणि माझ्या हिशोबात न पोचलेली कशी?

पूर्ण काम मी २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी दिले. आपल्या नियमाप्रमाणे १४ दिवसांत हरकत आली नाही तर पैसे लेखकाला मिळतात. हरकत आली ६ ऑक्टोबरला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. मुदत संपायला वीस मिनिटे होती. नियमात बसते, तक्रार नाही. पण ९ ऑक्टोबरला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, निर्णय देताना २४० पाने मराठी कोणी वाचले? निर्णयाचे मराठी असे आहे: ‘आपले समर्पण साहित्यिक चोरी म्हणून सापडले गेले आहे.’ इंग्रजी निर्णय यंत्राने मराठीत आणलेला दिसतो. असे वाक्य एखाद्या प्रबंधात आले असते, तर मी पेन्सिलीने गोल केला असता.

१० ऑक्टोबरला मी आपल्या तक्रारीच्या पत्त्यावर ईमेल केला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण व्हायला हवे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्कही संकेतस्थळावर हवा. मला चॅटवरच्या यंत्राने चार वेळा ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे सांगितले. पाचव्यांदा विचारल्यावर संभाषण बंद झाले. दिवाळी अशीच गेली. मध्येच २ नोव्हेंबरला सदस्यत्वाचे पुढच्या वर्षाचे ३,५९९ रुपये मात्र बिनचूक कापले गेले. त्यात चूक कधी होत नाही.

माझे म्हणणे असे. १८,००० रुपयांतून आपले कमिशन २,७०० रुपये, त्यावरचा १८ टक्के जीएसटी ४८६ रुपये आणि टीडीएसचे (आधीच कापलेल्या आयकराचे) १८ रुपये वजा करून राहिलेले १४,७९६ रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. ‘वाद शुल्क’ म्हणून कापलेले ५०० रुपये परत द्यावेत. संशोधकांना पैसे परत दिले ते आपल्या चुकीने, त्यामुळे त्यांच्याकडून वसूल करायचे की नाही, हे आपण पाहावे. मी त्यांच्या मागे लागणार नाही. माझ्या पानावर लागलेला ‘वाङ्मयचौर्य सिद्ध’ हा शिक्का काढावा. मला पैशांपेक्षा ते जास्त लागले आहे. शिक्का लागल्यापासून एकही नवे काम आलेले नाही, आणि एका जुन्या प्राध्यापिका फोनवर ‘तसं काही नाही, पण गाइड विचारतात हो’ म्हणाल्या. तसेच निर्णयाचा फेरविचार मराठी वाचता येणाऱ्या माणसाने करावा आणि कारणांसह लेखी कळवावा.

महिन्याभरात उत्तर आले नाही, तर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली येथे तक्रार दाखल करेन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. त्यामुळे मला आपल्या शहरात यावे लागणार नाही. आपल्या वकिलांना मात्र इकडे यावे लागेल.

सोबत मूळ आणि रूपांतरित परिच्छेदांची शेजारी-शेजारी छापलेली आठ पाने, ३ सप्टेंबरचा संवाद, दोन्ही अहवाल आणि आपला निर्णय जोडला आहे.

आपली ग्राहक,
(सही)

ता.क. टीडीएसच्या त्या १८ रुपयांबद्दल. मी पॅन दिलेला आहे आणि माझी वर्षाची उलाढाल ५ लाखांच्या आत आहे, त्यामुळे ते कापायलाच नको होते. कापले तर कापले, पण माझ्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या माझ्या कर-नोंदीत) ते दिसत नाहीत. भरले असतील तर चलन पाठवावे, भरले नसतील तर वरच्या रकमेत मिळवून १४,८१४ करावेत.