खासानच्या किनाऱ्यावरून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहिते. सुट्टीत मैत्रिणीच्या गावी, स्लाव्यान्काला आले आहे. व्लादिवोस्तोकहून पाण्याने हे गाव जवळ, पण रस्त्याने यायचं तर अख्ख्या आमुर उपसागराला वळसा पडतो.

हा रशियाचा खासान जिल्हा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चीन आणि खाली तुमेन नदीपलीकडे उत्तर कोरिया. आकाराने आपल्या सिंधुदुर्गाहून थोडा लहान, माणसं मात्र जेमतेम तीस-पस्तीस हजार. चीनची हद्द समुद्राच्या पंधराएक किलोमीटर अलीकडेच संपते, म्हणून इथल्या बंदरांना महत्त्व. पोस्येतहून कोळसा जहाजांत चढतो, क्रास्किनोच्या सीमानाक्यावरून मालाचे ट्रक चीनमधल्या हुन्चुनला जातात. स्लाव्यान्कात जहाजदुरुस्तीचा कारखाना आहे. सीमा बंद झाली की या सगळ्यांचे हात थांबतात.

आई, तू वाघरांना घाबरतेस ना? इथे 2012 साली खास बिबट्यांसाठी राष्ट्रीय उद्यान झालं. जेमतेम तिसाच्या आसपास उरलेले बिबटे आता शंभराच्या पुढे गेलेत. त्यांची वाट अडू नये म्हणून महामार्ग डोंगराखालच्या बोगद्यातून नेलाय. वरून बिबटे, खालून मालाचे ट्रक! मला याचं फार कौतुक वाटलं.

पण बाबा, पत्र लिहायला बसले ते दादासाठी. तो खाडीत कालवं वाढवायचं म्हणतोय आणि तुम्हाला ते पटत नाहीये. मैत्रिणीचे काका इथे शिंपल्यांच्या शेतीवर कामाला आहेत. त्यांनी मला होडीतून नेऊन दाखवलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्यात जाळीच्या पिशव्या सोडतात. शिंपल्यांची तरंगती पिल्लं त्यात येऊन चिकटतात. मग ती वेचून पिंजऱ्यांत भरायची आणि दोराला टांगायची. काकांनी एक पिंजरा वर ओढला. शेवाळ आणि चिखलाने तो इतका जड झाला होता की दोघांना खेचावा लागला. ते सगळं खरवडायचं, शिंपले विरळ करायचे, पुन्हा सोडायचे. हिवाळ्यात उपसागर गोठतो, म्हणून त्याआधी दोर खोल बुडवून ठेवतात. विकण्याजोगा शिंपला व्हायला तीनेक वर्षं लागतात. मध्येच टायफून आला तर दोरांसकट माल जातो.

तरीही काका सांगत होते, या कामामुळेच गावातली काही पोरं शहरात न जाता टिकलीत. बंदराचं काम दुसऱ्याच्या मालावर चालतं, हे पीक आपल्या पाण्यातलं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात खाडी गोडी होते. त्या दिवसांत काय करायचं, हे दादाने बचतगटातल्या बायकांना आधी विचारावं. आणि बाबा, त्याला नाही म्हणू नका. फक्त पहिल्या वर्षी त्याच्याकडे हिशेब मागू नका, आणि होडीच्या डागडुजीला माझे पाठवलेले पैसे खुशाल वापरा.

गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची,
मनू