मिक्सरमधून गेले म्हणून नाणे निनावी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला क्रिप्टो मिक्सरवरचा, म्हणजे अनेकांची नाणी एकत्र मिसळून बिटकॉइनच्या उघड नोंदीत कोणते नाणे कोणाचे हे झाकणाऱ्या सेवांवरचा, लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण सगळे मिक्सर एकाच माळेत ओवून, त्यातून गेलेले बिटकॉइन पूर्ण निनावी होते असे तुम्ही छापले आहे, ते साफ चुकीचे आहे. त्यावर विसंबून सोलापुरातली चार पोरे आपली नाणी भलत्याच्या हवाली करतील, म्हणून लगेच लिहितो आहे.

यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात नाणी मिक्सरवाल्याकडे जातात आणि तो कमिशन कापून दुसरी देतो. भिशी चालवणाऱ्याचा निदान चेहरा तरी माहीत असतो. इथे तोही नाही. तो पळाला तर तक्रार करायला जागा नाही, आणि कोणाचे नाणे कुठे गेले याची नोंद त्याने ठेवली की पुसली, हे कधीच कळत नाही. मार्च २०२३ मध्ये याच प्रकारचा चिपमिक्सर नावाचा मिक्सर बंद पाडला तेव्हा जर्मन पोलिसांच्या हाती सर्व्हर, सुमारे १,९०९ बिटकॉइन आणि ७ टेराबाइट डेटा लागला. तुमच्या लेखात याचा उल्लेखही नाही.

दुसरा प्रकार कॉइनजॉइन. बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०१३ मध्ये मांडलेला. यात नाणी कोणाच्याच ताब्यात जात नाहीत. समजा पाच जण मिळून एकच व्यवहार करतात, प्रत्येक जण फक्त आपल्या नाण्यापुरती सही करतो आणि प्रत्येकाला सारखीच रक्कम परत येते. एकाच नक्षीच्या पाच चादरी ढिगात टाकून प्रत्येकाने एकेक उचलावी, तसे. मात्र पाचातले चार पाळत ठेवणाऱ्या एकाच माणसाचे असले, तर पाचवा आपोआप उघडा पडतो.

खरी गोम मोडीत, म्हणजे परत येणाऱ्या उरलेल्या सुट्ट्या रकमेत आहे. कोणी ०.०७३ बिटकॉइन घेऊन आला आणि सारखी रक्कम ०.०५ ठरली, तर ०.०२३ची मोड उरते, त्यातून शुल्क वजा. ०.०५ची पाच नाणी एकसारखी, पण ती मोड कोणाची हे साधी वजाबाकी येणाराही सांगेल. पुढे त्याने ती मोड आणि मिसळलेले ०.०५ एकत्र खर्च केले की सगळी मेहनत वाया, कारण एका व्यवहारात एकत्र आलेली नाणी बहुधा एकाच मालकाची धरली जातात. ही अडचण बिटकॉइनचे जनक सातोशी नाकामोतो यांच्या २००८च्या मूळ निबंधातच नोंदलेली आहे. मिसळलेली नाणी पुन्हा एकाच पत्त्यावर (म्हणजे नाणी जमा होतात त्या खातेक्रमांकासारख्या क्रमांकावर) गोळा केली तरी तेच होते.

शिवाय नाणे ज्या एक्सचेंजमधून, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारातून, घेतले तिथे पॅन आणि आधार दिलेलाच असतो. ते कोणत्या पत्त्यावर काढले हे एक्सचेंजला ठाऊक असते, आणि मिसळलेले नाणे परत आणले तर खाते अडकू शकते. मार्च २०२३ पासून ही एक्सचेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आहेत. प्राप्तिकर विवरणात खरेदीची तारीख आणि किंमत दोन्ही द्यावी लागते. नफ्यावरच्या ३० टक्के करात वजावट फक्त खरेदी किमतीची. मिसळल्यावर ही साखळी तुमच्याच कागदावर जुळेनाशी होते. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक आधीच लिहून ठेवला नाही, तर खरेदी किंमत दाखवणे कठीण जाते.

पण एवढ्यावरून खासगीपणा मागणारा प्रत्येक जण चोर ठरत नाही. चादरीच्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला एकदा आपला बिटकॉइनचा पत्ता दिला की त्या पत्त्यावरची शिल्लक आणि पुढची देवघेव गिऱ्हाइकाला कायम दिसते. बँक पासबुक दुकानाच्या दारावर कोणी चिकटवतो का? ही बाजूही लेखात यायला हवी होती.

जाता जाता, त्याच पानावरच्या चौकटीत भारतात क्रिप्टोवर बंदी असल्याचे लिहिले आहे. क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यास बँकांना मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. बंदी असलेल्या वस्तूवर सरकार १ टक्का टीडीएस कापते का? दोन्ही दुरुस्त्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टाइपात छापाव्यात ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर