रिकर्व्ह धनुष्य घेण्यापूर्वी मुलांची ड्रॉ लेंग्थ मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले आणि २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी व ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून मुलामुलींना धनुर्विद्येकडे वळवू पाहणारे पालक आम्हा प्रशिक्षकांकडे मोठ्या उत्साहाने येतात. हा उत्साह टिकावा अशी मनापासून इच्छा असल्यामुळेच, साहित्य खरेदीत वारंवार होणाऱ्या एका चुकीकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे पालकांचे, शाळांचे आणि क्रीडा विभागाचे लक्ष वेधू इच्छितो. ती चूक म्हणजे खेळाडूची ड्रॉ लेंग्थ (पूर्ण खेचेत दोरी किती मागे येते ते माप) न मोजता रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या, धनुष्याची लांबी ठरवणे.

अदिती आणि ओजस खेळतात तो प्रकार कंपाउंड. त्या धनुष्यात ड्रॉ लेंग्थ कॅमवर, म्हणजे टोकांच्या चाकांवर, बसवून घेता येते आणि दोरी ठरलेल्या जागी येऊन थांबते. प्रवीण ज्या रिकर्व्ह प्रकारात खेळतात, त्यात असा थांबा नसतो. दोरी किती मागे येणार, हे खेळाडूच्या हाताची लांबी, खांद्यांची ठेवण आणि हनुवटीखालचा अँकर (दोरी खेचणारा हात टेकवण्याची जागा) यांवर अवलंबून असते. म्हणून तेवढ्या खेचेत बेताने वाकेल एवढ्या लांबीचे धनुष्य निवडावे लागते. प्रत्यक्षात मात्र दुकानात जे शिल्लक असेल ते किंवा मुलाच्या वयाकडे पाहून अंदाजाने धनुष्य दिले जाते. एका शाळेने तर सहावीपासून दहावीपर्यंतच्या सर्व मुलांसाठी ६८ इंचांची एकसारखी धनुष्ये एकगठ्ठा मागवलेली मी पाहिली आहेत.

ड्रॉ लेंग्थ मोजणे अवघड नाही. कमी पाउंडेजच्या (पौंडांत मोजल्या जाणाऱ्या ताणाच्या) धनुष्यावर एक लांब बाण चढवावा, मुलाला नेहमीच्या अँकरपर्यंत दोरी खेचायला सांगावे आणि ग्रिपच्या (मुठीच्या) सर्वांत खोल भागाच्या सरळ वर बाणावर खूण करावी. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला दोरी बसते त्या भागाच्या, खाचेपासून त्या खुणेपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवले की धनुष्य उत्पादकांच्या प्रमाण पद्धतीप्रमाणे ड्रॉ लेंग्थ मिळते. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर घेऊन त्याला अडीचने भागण्याची रीतही प्रचलित आहे. परंतु ती केवळ प्राथमिक अंदाजापुरतीच वापरावी, कारण उभे राहण्याची आणि खांदा बसवण्याची पद्धत सुधारली की नवशिक्याची खेच एखाद्या इंचाने सहज बदलते.

सर्वसाधारणपणे २४ इंचांपर्यंतच्या ड्रॉ लेंग्थला ६२ ते ६४ इंचांचे धनुष्य, २५-२६ इंचांना ६६, २७-२८ इंचांना ६८, २९-३० इंचांना ७० आणि त्यापुढे ७२ इंच, असे मानले जाते. हातांचा पसारा १६० सेंटिमीटर, म्हणजे ६३ इंच असलेल्या मुलीची ड्रॉ लेंग्थ साधारण सव्वापंचवीस इंच येईल. तिला ६६ इंचांचे धनुष्य योग्य. १८३ सेंटिमीटर पसारा असलेल्या उंच मुलाची खेच पावणेएकोणतीस इंचांच्या आसपास जाईल आणि त्याला ६८ किंवा ७० इंच लागतील. माप दोन लांबींच्या सीमेवर येत असेल, तर वाढत्या वयाच्या मुलासाठी लांब धनुष्य घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे की दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत. थोडे लांब धनुष्य जड लागते आणि लिम्ब (धनुष्याचे वाकणारे बाहू) पुरेसे न वाकल्याने बाणाचा वेग कमी होतो. पण ते नेमबाजीतील बारीकसारीक चुका पोटात घालते. आखूड धनुष्य मात्र शिकणाऱ्याची शैलीच बिघडवते. एरवी खेच एका इंचाने वाढली की ताण साधारण दोन पौंडांनी वाढतो. आखूड धनुष्यात शेवटच्या एक-दोन इंचांत तो एकदम चढतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी क्लिकरखालून (खेच पूर्ण झाली की 'टक' वाजणाऱ्या पट्टीखालून) बाण संथपणे ओढून काढायचा असतो. दोरीचा कोन टोकदार झाल्याने बोटे चिमटली जातात, तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये नॉक दाबले जाते आणि बाण रेस्टवरून (बाण टेकवण्याच्या आधारावरून) उचलला जाऊन खाली पडतो. पूर्ण खेचेत दोरी नाकाच्या टोकाला आणि हनुवटीला टेकायला हवी. उंच मुलाच्या हाती आखूड धनुष्य असेल, तर दोरी नाकापर्यंत येत नाही, मग तो मान पुढे झुकवून नाकच दोरीकडे नेतो. ही लकब महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडते आणि ती मोडायला प्रशिक्षकाला पुढे कितीतरी पट अधिक वेळ द्यावा लागतो. ७० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते; तिथे मानेची एवढीशी हालचालही बाणाला वर्तुळाबाहेर नेते.

मूल वाढत असताना दरवर्षी नवे धनुष्य कोठून आणायचे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर आयएलएफ, म्हणजे लिम्ब बदलता येणाऱ्या प्रमाणित, जोडणीचा रायझर (धनुष्याचा मुठीचा मधला भाग) घेणे हा उत्तम उपाय आहे. २५ इंचांच्या रायझरला शॉर्ट लिम्ब लावले की ६६, मीडियम लावले की ६८ आणि लाँग लावले की ७० इंचांचे धनुष्य होते. म्हणजे मुलाची खेच वाढल्यावर केवळ लिम्ब आणि दोरी बदलावी लागते. लहान चणीच्या मुलांसाठी २३ इंचांचा रायझर मिळतो आणि त्यावर हीच लिम्ब ६४, ६६ व ६८ इंचांचे धनुष्य देतात. मात्र लिम्बवर छापलेले पाउंडेज बहुधा २५ इंचांच्या रायझरवरचे आणि २८ इंच खेचेचे असते. २३ इंचांच्या रायझरवर ते सुमारे दोन पौंडांनी वाढते, तर २४ इंच खेच असलेल्या मुलाच्या बोटांवर छापील आकड्यापेक्षा सात-आठ पौंड कमी ताण येतो. हे ठाऊक नसल्यामुळे जुनी लिम्ब विकत घेताना अनेक पालकांची फसगत होते.

शाळा आणि क्रीडा संकुले यांच्यासाठी अनुदानातून साहित्य घेताना दरपत्रकात एकच लांबी न लिहिता आधी मुलांची ड्रॉ लेंग्थ नोंदवावी आणि त्या नोंदीप्रमाणे ६२ ते ७० इंचांपर्यंतची धनुष्ये मागवावीत. बोल्टने जोडायची लाकडी शिकाऊ धनुष्ये या मापांत सहज मिळतात आणि लांबी बदलल्याने त्यांच्या किमतीत फारसा फरक पडत नाही. जिल्हा धनुर्विद्या संघटनांनी उन्हाळी शिबिरांच्या पहिल्या दिवशी ड्रॉ लेंग्थ मोजून ती प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रावर लिहून द्यावी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. पालकांनीही तो आकडा हाती असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये, आणि मुलाला धनुष्य पूर्ण खेचून पाहू न देणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करू नये, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक धनुर्विद्या प्रशिक्षक, सातारा