मंत्रिमहोदय, घाट रुंद करू नका, बस सोडा

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा आणि वरच्या व्ह्यू पॉइंटला मोठा वाहनतळ बांधायचा, असा प्रस्ताव आपल्या खात्याकडे कधी ना कधी येतोच. गाड्यांची रांग सगळ्यांना दिसते, त्यामुळे उपायही सरळ वाटतो. त्यावर सही करू नका, एवढं सांगायला हे पत्र.

आधी आमची एका दिवसाची सहल ऐका. सोबत आई होती. वय ७१, आणि गुडघे तिच्याहून म्हातारे. डोंगर सकाळीच दिसतो म्हणून अंधारातच निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा शिखर लख्ख उभं होतं, पण फाटक कचेरीच्या वेळेला उघडणारं. ते उघडून, तिकिटं काढून, रांगेतून सरकत वर जाईपर्यंत साडेअकरा झाले आणि शिखरावर ढगांचं झाकण बसलं. गाडी लावायला जागा नव्हती, मागचा हॉर्न सोडेना. आईला उतरवलं, मी पुढे जाऊन गाडी वळवून आणली. दहा मिनिटांत ती परत गाडीत. ‘‘झालं बघून?’’ ‘‘सगळं पांढरंच होतं गं,’’ ती म्हणाली. मी तर तेवढंही पाहिलं नाही. घाटात गाडी चालवणारीने बाहेर बघायचं नसतं. दिवसभर मी पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहिले.

यात आमचं नशीब वाईट होतं असं नाही. ऊन चढलं की उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर सरकते, वर जाता जाता थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. दुपारच्या विजा आणि अचानक कोसळणारा पाऊस यांचंही मूळ बहुतेकदा हेच. म्हणजे डोंगरातला चांगला आणि सुरक्षित वेळ उजाडल्यापासूनच सुरू होतो. फाटकाची वेळ घड्याळावर न ठरवता सूर्योदयावर ठरवा. याला निविदा लागत नाही, ड्यूटीचा तक्ता बदलला की झालं.

आता रुंदीकरणाकडे. कागदावर तीन मीटर म्हणजे तीनच मीटर. पण ४५ अंशांच्या उतारावर आतल्या बाजूने तीन मीटर घ्यायचे, तर अगदी उभी भिंत कापली तरी ती तीन मीटर उंच होते. उभी कापणी फार काळ टिकत नाही म्हणून तिला थोडा कल दिला, दर दोन मीटर उंचीला एक मीटर आत, तर तीच कापणी सहा मीटरवर जाते. तेवढी झाडं, तेवढी माती गेली आणि पहिल्या मोठ्या पावसात दरडीची वाट मोकळी. इतकं करून वर नेणार काय? आणखी गाड्या. वाहनतळ मोठा झाला की तो भरेपर्यंत लोक येतात आणि भरला की रांग पुन्हा फाटकापर्यंत. फरक एवढाच, की तोवर डोंगराचा एक तुकडा गेलेला असतो.

रस्ता न वाढवता, गाड्या अडवून बस सोडून पाहिलेले लोक आहेत. अलास्कातल्या डेनाली उद्यानात सुमारे १४८ किलोमीटरचा एकच रस्ता आहे. १९७२ साली महामार्ग उद्यानाच्या दारापर्यंत येणार म्हटल्यावर तिथल्या व्यवस्थापनाने रस्ता वाढवला नाही. उन्हाळ्यात खासगी गाड्या सुरुवातीच्या २४ किलोमीटरवर अडवल्या आणि पुढे बस सोडल्या. तिथल्या साध्या बसमधून वाटेत उतरता येतं, चालता येतं आणि मागून येणाऱ्या बसला हात करून पुन्हा चढता येतं. डॉल नावाच्या रानमेंढ्या जिथे रस्ता ओलांडतात तिथे वाहतुकीत मुद्दाम मोकळा वेळ ठेवण्याचा नियम आहे. हजारो सुट्या गाड्यांना असं वेळापत्रक कोण पाळायला लावणार? (डोंगर तरीही डोंगरच. २०२१ साली तिथल्या प्रिटी रॉक्स भागात उतार इतका सरकू लागला, की रस्त्याचा पुढचा अर्ध्याहून अधिक भाग बंद करावा लागला. उताराशी बेताने वागूनही हे होतं.) अमेरिकेतल्याच यूटा राज्यातल्या झायन उद्यानातल्या अरुंद दरीत २००० सालापासून वर्षातला बराचसा काळ बसच चालतात.

उलट उदाहरणही आहे. १९१२ साली ब्रिटनचे अमेरिकेतले राजदूत जेम्स ब्राइस यांनी जाहीर भाषणात विनवलं होतं, की कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाच्या दरीत मोटारी येऊ देऊ नका. पुढच्याच वर्षी त्या आत आल्या. आज ती दरी जगात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, कड्यांसाठी आणि वाहतूक कोंडीसाठी.

बसचा सगळ्यात मोठा फायदा कोंडी फुटण्याचा नाही. स्वतःची गाडी असली की जिथे ती लावली तिथेच परत यावं लागतं, म्हणून माणूस तिच्यापासून लांब जात नाही. बसने गेलेला वरच्या थांब्यावर उतरतो, पायवाटेने खाली येतो आणि पुढच्या थांब्यावर बस पकडतो. चढ न चढता अख्खा उतार पाहून होतो. आईसारख्यांना एवढंच झेपतं.

आक्षेप येतील. रस्त्यावर ज्यांच्या टॅक्सी चालतात त्यांच्या पोटाचं काय? बसच्या चालक-वाहकाच्या नोकऱ्या आधी त्यांना द्या. शेवटची बस चुकली तर? वर गेलेली आणि खाली आलेली डोकी मोजा. हिशेब जुळेपर्यंत शेवटची बस हलवू नका. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून चढता येईल अशी बस हवी, ‘पुढच्या टप्प्यात’ नको. बस दर दहा-पंधरा मिनिटांना नसेल, तर मात्र मीच पहिली तक्रार करीन. तासाला एक बस सोडून ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असा अहवाल लिहिणं फार सोपं असतं.

माझी मागणी एकाच हंगामाची आहे. रुंदीकरणाची फाईल तोवर थांबवा, फाटक उजाडताच उघडा, गाड्या खाली अडवा, बस सोडा. आईला पुन्हा न्यायचं म्हणते आहे. या वेळी खिडकीची जागा मी धरणार.

आपली,
गाडी चालवून थकलेली एक पर्यटक