सांबऱ्याहून सरसाव्याला

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडं सगळे बरे आहेत. पोरांच्या परीक्षा चालल्यात आणि तुमची सून जवसाच्या चटणीची बरणी भाकरीनं पुसून पुसून खातीय, यावरून काय ते समजा. फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई मधेच "जेवलास काय की" विचारून तोडते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

परवा आई फोनवर रडलीस. कुणीतरी ग्रुपवर हेलिकॉप्टर पडल्याचा व्हिडिओ टाकला, तो कुठला, कधीचा काही पत्ता नाही, आणि तुझं सुरू झालं की वीस वर्सं होत आली, आता पुरे, ये गावाकडं. मागनं बाबांचा आवाज आला, "काय करूलायस रे तिथं अजून, पानेच फिरवूलायस न्हवं?" बाबा, तुम्ही गमतीनं बोललात ते कळलं मला, पण रात्रभर डोक्यात तेच. वीस वर्षांत मी इथं काय करतो हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, हे त्या रात्री लक्षात आलं.

आठवतंय ना, 2006 ला हवाई दलात भरती झालो आणि पहिलं ट्रेनिंग आपल्या बेळगावच्या सांबऱ्यातच लागलं. घरापासून सायकलनं वीस मिनिटं आणि घरी जायची परवानगी नाही! रात्री बॅरेकमध्ये पडलं की देवळातल्या भजनाचा लाऊडस्पीकर ऐकू यायचा आणि बाजूच्या बिहारच्या पोराला मी सांगायचो की हे आमच्या गावचं आहे, त्याला खरंच वाटायचं नाही. ती धावपट्टी इंग्रजांनी 1942 ला महायुद्धात बांधली आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी तिथनंच हंटर विमानं उडून बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवून आली. आजोबा ते सांगताना असे हातवारे करायचे की आम्हाला वाटायचं हेच बसलेले विमानात. तर विमानतळाशेजारी वाढलो खरा, पण हवाई दलाचा तळ म्हणजे काय ते सांबरा, मग तांबरमचं ट्रेनिंग, एवढं सगळं होऊनसुद्धा कळलं नव्हतं. कळलं ते सरसाव्याला आल्यावर.

सरसावा म्हणजे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातलं छोटं गाव, यमुनेच्या अलीकडं, नदी ओलांडली की हरियाणा. आजूबाजूला सगळा ऊस, हंगामात ट्रॉल्यांच्या रांगा लागतात तेव्हा वाटतं की चिकोडीलाच आलोय, फक्त बोलणं वेगळं आणि थंडी हाडात शिरणारी. हिवाळ्यात धुकं असं की समोरचं हँगर दिसत नाही. आणि आपल्या सांबऱ्यासारखंच इथंही हवाई दलाच्या धावपट्टीला लागून साध्या प्रवाशांचं टर्मिनल झालंय, 2024 च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं.

हेलिकॉप्टरचा तळ इथंच का, डोंगरात का नाही, असं बाबांनी मागं एकदा विचारलं होतं. बाबा, एसटीचा डेपो घाटात बांधतात काय? डेपो खाली सपाटीला, गाड्या घाटात. तसंच. इथनं हिमालय जवळ, उत्तराखंड, हिमाचल हाकेच्या अंतरावर, पण जमीन सपाट, सामान ठेवायला जागा, रेल्वे आणि रस्ता दारात. मशिनची मोठी सर्व्हिसिंग इथं होते आणि काम निघालं की ती वर जातात, सोबत आम्ही चार-पाच टेक्निशियन, टूलबॉक्स, स्पेअर घेऊन. त्याला डेट म्हणतात. कधी आठवडा, कधी दोन महिने. तेव्हाच माझा फोन लागत नाही आणि आई देव पाण्यात ठेवते.

मशिन एमआय-17, रशियन, स्वतःचं धरून तेरा टनापर्यंत वजन घेऊन उडतं, 36 जवान बसतात. पण हा आकडा कागदावरचा, खालच्या हवेतला. जसजसं वर जाल तशी हवा विरळ, पंख्याला धरायला हवाच कमी, इंजिनाचाही दम कमी, मग खाली जे 36 माणसं उचलतं तेच वर मोजकीच उचलतं. म्हणून वरच्या कामाला पहाटे निघतात, थंड हवा दाट असते, उन्हं चढली की वजन कमी करावं लागतं. भरलेली एसटी चोर्ला घाटात कशी कण्हते तसंच, फक्त इथं मधेच थांबून रेडिएटरला पाणी घालता येत नाही.

आता खरं जे लिहायचं ते. आमच्या इथं 152 हेलिकॉप्टर युनिट आहे, मायटी आर्मर म्हणतात. कारगिलच्या वेळी, 1999 ला, यांची मशिन रॉकेट लावून वर गेली होती. 27 मे ला आपली दोन लढाऊ विमानं पडली आणि दुसऱ्याच दिवशी, 28 मे ला, या युनिटच्या नुब्रा नावाच्या तुकडीनं तोलोलिंगच्या डोंगरावर हल्ला केला, हल्ला झाला, आणि वळून बाहेर पडताना एका मशिनला शत्रूचं स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं. चौघं गेले. स्क्वाड्रन लीडर पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद, सार्जंट साहू. चौघांनाही मरणोत्तर वायुसेना मेडल. त्यानंतर एमआय-17 ला हल्ल्याच्या कामातनं काढलं, पण उडणं थांबलं नाही, त्या लढाईत जखमी खाली आणायला आणि माल पोचवायला हेलिकॉप्टरच्या 2000 च्या वर सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या, झाल्या. 2024 ला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरसाव्यात मोठा कार्यक्रम झाला. आई, चौघांत दोघं सार्जंट होते, माझ्याच रँकचे. मी उडत नाही, माझं काम जमिनीवर, हे तुला शंभरदा सांगितलंय, पण उडणाऱ्यांत माझ्यासारखेच लोक असतात हे लपवून काय उपयोग.

2013 चं केदारनाथ तर टीव्हीवर तुम्हीच बघितलं. तेव्हा हेलिकॉप्टरं गोळा करायचं मुख्य ठाणं सरसावाच होतं. 17 ते 30 जून, चौदा दिवसांत हवाई दलानं 2,140 सॉर्टी मारल्या, 19,600 माणसं उचलली. हा आकडा वाचायला सोपा आहे, पण एकेक सॉर्टी म्हणजे आधी कुणीतरी ते मशिन तपासलेलं असतं, तेल बघितलेलं असतं, आणि ते परत आलं की पुन्हा तपासायचं असतं, तोवर दुसरं येऊन उभं. त्यातच 25 जूनला गौरीकुंडजवळ एक एमआय-17 पडलं, वीस जण गेले. आई, तुला खोटं सांगणार नाही, पडतात. पण पडू नयेत म्हणून रोज जे चालतं ते कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकत नाही.

रोज काय चालतं ते सांगतो, बाबांना आवडेल. सकाळी आधी सगळे एका ओळीत मान खाली घालून चालतो आणि खडा, तार, नट, जे दिसेल ते उचलतो, कारण इंजिनानं एक खडा आत ओढला तरी आतली पाती गेली. मग टूलबॉक्स. प्रत्येक पान्याची जागा ठरलेली, फळीवर त्याची आकृती काढलेली, संध्याकाळी एक जरी जागा रिकामी दिसली तर तो पाना सापडेपर्यंत मशिन हलत नाही आणि माणूस घरी जात नाही. एकदा एका नव्या पोराचा छोटा स्क्रूड्रायव्हर रात्री साडेदहाला त्याच्याच जॅकेटच्या अस्तरात सापडला, खिसा फाटलेला. तोवर आम्ही अर्धं मशिन उघडलं होतं. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, उलट त्यानं लपवलं नाही, स्वतःहून सांगितलं म्हणून चहा पाजला.

आणि शेवटी फॉर्म 700. हे मशिनचं वहीखातं समजा. जे काम केलं ते त्यात लिहायचं आणि खाली सही. ती सही झाल्यावरच पायलट ते वाचून सही करतो आणि मशिन ताब्यात घेतो. बाबा, तुम्ही म्हणायचात ना की बसवर ड्रायव्हरचा नंबर असतो, कंडक्टरचा नंबर असतो, मेकॅनिकला कोण विचारतो. इथं विचारतात. काही झालं तर पहिल्यांदा ती वही सील होते आणि शेवटची सही कुणाची ते बघतात. पहिली सही करताना माझा हात थरथरला होता. अजूनही थोडा थांबतोच, खोटं कशाला बोलू. तर होय, पानेच फिरवतो.

किती मशिन आहेत, कुठं जातो, ते विचारू नका, वर लिहिलंय ते सगळं पेपरात येऊन गेलेलं आहे.

2019 च्या पुरात मावशी चिकोडीकडं कृष्णाकाठी अडकली होती, हायवे यमगर्णीजवळ बंद, आणि मी इथं बसून नुसता फोन लावत होतो. ती नंतर म्हणाली की पाण्यापेक्षा त्या हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या आवाजाची भीती वाटली आणि तो आवाज गेला की त्याहून जास्त वाटली. ते ऐकल्यापासून उन्हाळ्यात रात्री हँगरमध्ये घामानं निथळताना मला मावशीच आठवते.

म्हणून आता सांगतो, फोनवर तीनदा तोंडापर्यंत येऊन गिळलं. वीस वर्षं पुरी झाली की मी परत येणार असं तुम्ही धरून चाललात, बाबांनी खालच्या वाफ्यात बोअर मारायचंही ठरवलंय. मी एक्स्टेंशनचा फॉर्म भरलाय. सुनेला विचारून भरलाय, तिला दोष देऊ नका, उलट तीच म्हणत होती की आधी घरी सांग. नवी पोरं आलेत, हुशार आहेत, मोबाईलवर सगळं शोधतात, पण इंजिनाचा आवाज ऐकून काहीतरी बिनसलंय हे ओळखायला वेळ लागतो, ते शिकवायला अजून काही वर्षं पाहिजेत. आणि खरं सांगायचं तर मलाही अजून सोडावंसं वाटत नाही.

रागवा, पण राग असेल तर इथं येऊन रागवा. दिवाळी झाली की धुकं पडायच्या आत या. बेळगावहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीनला उतरा, मी तिथं घ्यायला येतो, दोन्ही बर्थ खालचेच काढतो. बोअर मारायचा असला तर माराच, पैसे पाठवतो, पण त्या पाणी बघणाऱ्याला नारळ घेऊन फिरायला लावून हजार रुपये देऊ नका. बाबांच्या कानाच्या मशिनचे सेल सांगा कुठल्या नंबरचे ते, इथल्या कँटीनमध्ये बघतो. आणि येताना चटणी दोन किलो, कुंदा नको, मागच्या खेपेला शेजाऱ्यांनीच संपवला.

तुमचा,
थोरला