काका, ५८ वरचा काटा हलला नाही!

प्रिय काका,
सा. न.

तोंडावर आभार मानू गेले की तुम्ही लगेच ‘चहा टाक’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि उघडं अशासाठी, की जुन्या गाड्यांचा नाद असलेले आपले मराठी लोक इथे मिशिगनमध्ये आणि तिकडे पुण्या-कोल्हापुरातही पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझी १९६७ची पॉन्टिॲक जीटीओ डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नलला बंद पडली. इंजिन तापलेलं, सुरू होईना. अर्ध्या तासाने गार झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. ज्या गॅरेजला दाखवली त्यांनी कार्ब्युरेटर दोनदा उघडून बिल लावलं, पण दुखणं तसंच. तुम्ही मात्र बॉनेट उघडून कार्ब्युरेटरकडे पाहिलंही नाहीत. इंजिनाला खेटून गेलेल्या पेट्रोलच्या नळीवर हात धरलात आणि म्हणालात, ‘पोरी, पेट्रोल इथंच उकळतंय. वाफ झाली की पंप काय ओढणार?’

मला तेव्हा फ्यूएल इंजेक्शनचं, म्हणजे दाबाने पेट्रोल इंजिनात फवारण्याचं, वेड लागलं होतं. कार्ब्युरेटर काढायचा, जुनी टाकी तशीच ठेवून मागे चासीला एक इलेक्ट्रिक पंप लावायचा, की झालं, असा माझा बेत. तुम्ही तो मोडलात नाही, फक्त प्रश्न विचारलेत. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तर पंप काय ओढेल? हवा. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, त्यामुळे तो क्षण निभावून जातो. इंजेक्शनला तशी वाटी नाही, गाडी तिथल्या तिथे गचके खाते. शिवाय हा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. म्हणून तो टाकीच्या आतच हवा, पेट्रोलात बुडालेला आणि पेट्रोलानेच गार राहणारा. पेट्रोल एका बाजूला पळू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या असलेली नवी टाकी घ्यायचं त्याच संध्याकाळी ठरलं.

मग तुम्ही वहीचा कागद मागितलात. चारशे हॉर्सपॉवर, दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल, म्हणजे २०० पौंड. गॅलनला सहा पौंड आणि वर थोडं धरलं तर तासाला ३३ गॅलनच्या आसपास, तेही पूर्ण थ्रॉटलला. मी तासाला २५५ लिटरचा पंप निवडला होता, म्हणजे ६७ गॅलन. मला वाटलं, दुप्पट आहे, छान. तुम्ही मात्र विचारलंत, ‘हा आकडा किती दाबाला? किती व्होल्टला?’ जुना यांत्रिक पंप पाच-सहा पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब द्यायचा, इंजेक्शनला ५८ लागतात. दाब वाढला की प्रवाह घटतो, वायर बारीक असेल तर आणखी घटतो. म्हणून बॅटरीपासून जाड वायर, रिले, फ्यूज आणि धडक बसली तर पंप बंद करणारा स्विच. हे सगळं तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत, स्वतः फक्त दिवा धरून उभे राहिलात.

जुनी रबरी नळी मधोमध चिरून दाखवलीत तेव्हा मी हादरले. बाहेरून काळी कुळकुळीत, आतून मात्र भुगा. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. भारतात तर आता २० टक्के मिसळतात. घरी जुनी पद्मिनी असेल त्यांनी नळ्या एकदा वाकवून बघाव्यात.

पण मला खरी आठवते ती ऑक्टोबरची ती रात्र. सगळं बसवून झालं होतं. किल्ली फिरवली, पंप दोन सेकंद गुणगुणला, दाबाचा काटा ५८ वर गेला. मी नाचायच्या बेतात होते. तुम्ही खिशातून पांढरा टिश्यू काढलात आणि टाकीपासून इंजिनापर्यंत एकेका जोडाला टेकवत आलात. दाब कायम राखणाऱ्या रेग्युलेटरपाशी टिश्यूच्या कोपऱ्यावर नखाएवढा ओला डाग पडला. मी म्हटलं, थोडं आवळते. ‘आवळायचं नाही, उघडायचं.’ उघडलं तर चूक माझीच. फिटिंग ३७ अंशांची आणि मी नळीचं तोंड ४५ अंशांच्या साच्याने फुगवलेलं. रात्रीचे अकरा वाजले होते, तरी तुम्ही घरी गेला नाहीत. नळी कापली, कडा घासल्या, तोंड नव्याने केलं. त्या टोकावर बोट फिरवून तुम्ही जे डोळे मिटलेत, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर शिकलेल्या माणसाचे डोळे होते.

दुसऱ्यांदा टिश्यू कोरडा निघाला. मगच इंजिनाला हात.

या ऑगस्टच्या ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या त्या मिरवणुकीला, वुडवर्डवर पुन्हा तीच गर्दी, तोच उकाडा. आपण पाऊण तास मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होतो. तुम्ही शेजारी बसून फक्त काट्याकडे पाहत होतात. जास्तीचं पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जात होतं, फिरत होतं, कुठे साचून तापत नव्हतं. काटा हलला नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘बरी झाली गाडी.’ काका, मला रडू आलं होतं, ते तुम्हाला दिसू दिलं नाही.

तुमच्या हिशेबाचा कागद ग्लव्ह बॉक्समध्ये जपून ठेवलाय, पेट्रोलच्या बोटांच्या ठशांसकट. बर्फ पडायच्या आधी टाकी भरून, पेट्रोल खराब होऊ न देणारा स्टॅबिलायझर घालायचाय. रविवारी या, पिठलं-भात करते. काकूंनाही आणा.

तुमची,
जीटीओवाली पोर