मानसशास्त्राच्या पदवीला तारे देताना प्रात्यक्षिकाची वही उघडली होती का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या शिक्षण पुरवणीत मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. मानसशास्त्र पदवीला तुम्ही पाचपैकी चार तारे दिलेत. निकालाची टक्केवारी, ग्रंथालय, नोकरीच्या संधी, नॅकचा म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचा दर्जा असं सगळं त्यात मोजलं आहे. अर्धं पान वाचून झालं तरी एक गोष्ट सापडली नाही. ही पदवी घेणारी मुलं चाचण्या कुणावर करतात आणि त्या करताना त्यांच्यासोबत कोण असतं, याबद्दल एक ओळही नाही.

लेखावर राजाबाई टॉवरचं छायाचित्र आहे. 1878 सालचा तो मनोरा देखणा आहे यात वाद नाही, पण बी.ए.चे मानसशास्त्राचे वर्ग तिथे भरत नाहीत. कलिन्याचा उपयोजित मानसशास्त्र विभाग 1959 पासून आहे, पण त्याची ओळख पदव्युत्तर शिक्षणासाठी. बी.ए. होतं ते संलग्न कॉलेजांत, पार पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. अभ्यासक्रम एक असला तरी शिकवणारं माणूस आणि चाचण्यांचं कपाट कॉलेजागणिक बदलतं. कुठे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, कुठे सगळा विषय तासिका तत्त्वावरच्या बाईंच्या गळ्यात. नॅकनं 2021 मध्ये 3.65 गुणांसह ए प्लस प्लस दिला तो अख्ख्या विद्यापीठाला. तो एका विषयाच्या पदवीला लावून मोकळं होणं हे मूल्यमापन नव्हे.

मी हे का लिहिते आहे ते सांगते. पालिकेच्या शाळेत माझी नोकरी झाली. निवृत्त व्हायच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. शहरातल्या एका कॉलेजची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी प्रात्यक्षिकासाठी आमच्या शाळेत आली. कॉलेजचं पत्र होतं, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. मुलगी नम्र होती, मुलांशी गोड बोलायची. सहावीतली काही मुलं निवडून तिनं त्यांना ग्रंथालयाच्या खोलीत बसवलं आणि बुद्धिमत्ता चाचणी दिली. प्रश्न वाचायचे, उत्तर लिहायचं, वेळ लावलेली. बाहेर खिचडीच्या वाटपाचा गोंधळ चालू होता. तिच्याबरोबर कॉलेजचं कुणीही नव्हतं.

आठवड्याभरानं तिनं प्रत्येक मुलाच्या हाती पालकांसाठी बंद पाकीट दिलं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आत इंग्रजीत एक पानाचा अहवाल होता. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या अहवालात बुद्ध्यंक 74 आणि त्यापुढे ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे सर्वसाधारण बुद्धीच्या खालच्या सीमेवर, असं लिहिलेलं होतं. वडिलांची वडापावची गाडी. त्यांनी चाळीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून तो कागद वाचून घेतला आणि आपला मुलगा मतिमंद आहे एवढंच त्यांच्या मनात राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत यायचा बंद झाला. मी घरी गेले तेव्हा वडील म्हणाले, “बाई, कॉलेजवाल्यांनी लिहून दिलंय. आता त्याला कशाला त्रास द्यायचा? माझ्याबरोबर गाडीवर उभा राहील.”

त्या मुलाला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. वर्गात धडा वाचायला सांगितला की तो अक्षरं जुळवत अडकायचा, पण तोच धडा ऐकवला की प्रश्नांची उत्तरं सगळ्यांच्या आधी द्यायचा. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. ज्याला वाचायला जमत नाही त्याला वाचून सोडवायची चाचणी, तीही घड्याळ लावून दिली, तर त्यातून त्याची बुद्धी मोजली जात नाही, त्याची अडचण तेवढी मोजली जाते. म्हणून तर आकृत्यांतला सुटलेला तुकडा ओळखायच्या रेव्हनच्या चाचण्या 1938 पासून आहेत. ठोकळे आणि नमुने जुळवायची भाटियांची चाचणी आपल्याच देशातल्या मुलांसाठी तयार झाली. बिने-कामत चाचणीत तर एकेका मुलाला समोर बसवून, बोलून विचारावं लागतं. अनुभवी माणूस शेजारी असता तर मूल वाचतं कसं, हे त्यानं चाचणी काढण्याआधी विचारलं असतं.

पुढे दिवाळीनंतर वडिलांची समजूत घालून आम्ही त्या मुलाला पालिकेच्या रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता केंद्रात नेलं. तिथे आधी डोळे आणि कान तपासले, मग मानसशास्त्रज्ञांनी एकट्याला बसवून बुद्धीची तपासणी केली, मग विशेष शिक्षिकेनं वाचन-लेखनाची. हेलपाटे बरेच पडले. निष्कर्ष निघाला तो असा, की बुद्धी इतर मुलांसारखीच आहे आणि वाचनाची अध्ययन अक्षमता आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता नोंदलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण तोवर त्याचं अर्धं वर्ष गाडीवर गेलं होतं. शाळेत परतल्यावरही तो बरेच दिवस, “मला नाही येणार, मी तसलाच आहे,” असं म्हणायचा. हे मी विसरू शकत नाही.

ती विद्यार्थिनी प्रात्यक्षिक पूर्ण केल्याच्या दाखल्यावर शाळेचा शिक्का घ्यायला परत आली. मी तिला विचारलं, अहवाल पाठवण्यापूर्वी कॉलेजात कुणी वाचले का? ती म्हणाली, जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, सगळी पानं भरलीत का एवढंच बघतात. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी निकाल तसाच येतो का) आणि वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का) म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्राच्या पेपरात तिला चांगले गुणही होते. मी त्या मुलीला दोष देत नाही. विशीतल्या मुलीच्या हातात कपाटातली चाचणी देऊन, जा, पाच-दहा मुलं गाठ आणि आकडे आण, असं सांगणाऱ्यांना देते. कॉलेजच्या प्राचार्यांना मी सविस्तर पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

म्हणून तुमच्या चार ताऱ्यांचा मला राग आला. विद्यार्थ्यानं व्याख्या किती नीट लिहिल्या हे निकालाची टक्केवारी सांगते. पण त्याच व्याख्या एखाद्या जिवंत मुलासमोर वापरताना तो काय करतो, हे कुणी बघितलं का? प्रात्यक्षिकाला एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी असतात, पालकांची संमती घेतात का, निष्कर्ष कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही हे शिकवतात का, एवढं तुमच्या प्रतिनिधीनं चार कॉलेजांत जाऊन विचारलं असतं तरी लेखाला अर्थ आला असता. शिवाय हा प्रश्न आता वाढणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना 2024-25 पासून संलग्न कॉलेजांनाही लागू झाली. त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे कॉलेजबाहेर जाऊन केलेल्या कामाला, श्रेयांक (क्रेडिट) आहेत. मुलांनी वर्गाबाहेर पडावं हे मला मनापासून पटतं. पण मानसशास्त्राची मुलं बाहेर पडून जाणार कुठे? पालिकेच्या शाळा, अंगणवाड्या, वृद्धाश्रम. जिथे कुणी जाब विचारत नाही तिथेच.

तुमच्या लेखात ‘पदवीनंतर समुपदेशक म्हणून करिअर’ असंही वाक्य आहे. ते वाचून पालक फी भरतील. नुसत्या बी.ए.वर कुणाच्या मनावर उपचार करता येत नाहीत, हे त्याच वाक्यात लिहायला हवं होतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही पात्रतेची व्याख्या आहे. ही पदवी म्हणजे त्या वाटेची सुरुवात आहे आणि सुरुवात म्हणून ती मोलाची आहे. माणसाच्या वागण्याकडे पुराव्यानं बघायला ती शिकवते. पण पुढची वाट किती लांब आहे, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना प्रवेशाच्या वेळी कळलं पाहिजे.

आणि जाता जाता त्याच पानावरच्या जाहिरातीबद्दल. लेखाच्या बरोबर खाली ‘घरबसल्या ऑनलाइन, काही शनिवार-रविवारांत प्रमाणित समुपदेशक बना’ अशी चौकट आहे. दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन मानसशास्त्राची पदवी देऊ नका, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2025 मध्ये विद्यापीठांना बजावलं. त्याची बातमी झाली होती. पदव्यांना जे चालत नाही ते अशा सर्टिफिकेटांना कसं चालतं, हे जाहिरात घेताना तुमच्या कार्यालयात कुणी विचारलं नाही का? तीन वर्षं शिकलेल्या मुलीच्या एका कागदानं काय झालं ते मी वर लिहिलं आहे. चार शनिवार-रविवार शिकलेल्यांनाही वाचक तुमच्या पानावर विश्वास ठेवूनच फोन लावणार आहेत. पुढच्या रविवारी ती चौकट छापू नका, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका,
काळाचौकी, मुंबई